मास्तरांच्या मापाचे हँडल

मित्रांनो, मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात कधी आलात, तर आतल्या भिंतीवर एक वाकडा दांडा दिसेल. त्याच्या दोन्ही टोकांना मेंढ्याच्या शिंगांसारखा बाक आहे आणि त्यावर शिवून झालेले, काज-बटणांची वाट पाहणारे कपडे टांगलेले असतात. तो दांडा म्हणजे मीच. मुळात मी दांडा नव्हे. मी लांब पल्ल्याच्या एका सायकलचे जुने हँडल आहे. जुने म्हणजे झिजलेले नाही बरं का. माझ्यावरची काळी फीत दोन ठिकाणी तेवढी चेपली आहे, बाकी अंगावर ओरखडाही नाही. तरी ऐन उमेदीत मला घरी बसवले गेले. का, ते आज सांगणार आहे. ऐकताना कुणी हसलात तर हसा, पण शेवटपर्यंत थांबा.

माझा जन्म कारखान्यातला. आधी मी एक हलकी, सरळसोट नळी होते. एका यंत्राने मला मधोमध धरले आणि दुसऱ्याने दोन्ही बाजूंनी वाकवले. तपासणीच्या टेबलावर एका बाईने मला साच्यात घालून पाहिले, कुठे खड्डा नाही ना म्हणून अंगावरून बोट फिरवले आणि मला चांगल्या मालाच्या ढिगात टाकले. माझा साचा रुंद खांद्यांच्या आणि लांब हातांच्या माणसासाठी बनवलेला होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. साच्यातून नुकतेच बाहेर पडलेल्याला वाटते की सगळे जग आपल्याच मापाचे आहे. मलाही तसेच वाटे.

पुढे मी एका सायकलच्या दुकानात आले. तिथे मला हिरव्या रंगाच्या, दणकट टूरिंग सायकलवर बसवले. मागे-पुढे सामानाच्या पिशव्या लावून गावोगाव हिंडायची असली सायकल. काचेमागे आम्ही झोकात उभे असू. मी खाली आणि पुढे बसवलेले, सायकल जणू आत्ता धावत सुटणार. लोक थांबून बघत, आणि मी मनातल्या मनात फुशारून जाई. सायकल दिसायला चांगली असावी म्हणून हँडल खाली आणि पुढे बसवतात. चालवणाऱ्याच्या हाताला ते कसे लागते, हा प्रश्न काचेबाहेरून कुणाला पडत नाही.

मग एका संध्याकाळी मास्तर आणि काकू आले.

मास्तर म्हणजे शिंपी. त्यांच्या कात्रीचा भागात दबदबा होता. गिऱ्हाईक दोनदा ट्रायलला आल्याशिवाय ते कपडा हातावेगळा करत नसत. खांदा जरा उतरतोय म्हटले की सगळी बाही उसवत. "चालेल हो मास्तर" असे गिऱ्हाईक म्हणाले, तर त्यांचा पारा चढे. "तुम्हाला चालेल, मला नाही चालणार. माझं नाव आहे त्यावर," असे म्हणून ते पुन्हा खडू उचलत.

काकू म्हणजे त्यांच्या बायको. गिऱ्हाइके त्यांना काकू म्हणतात, म्हणून मीही म्हणते. दुकानातली सगळी हातशिलाई त्यांची, आणि त्यातही काज. बटण ज्यातून जाते ते भोक यंत्रानेही होते, पण काकूंनी हाताने भरलेले काज पाहिले की माणूस कपडा उलटा करून पुन्हा बघत असे. दुसऱ्या दुकानांतले शिंपीसुद्धा आपले भारी कोट त्यांच्याकडे काजांसाठी पाठवत. काकू बोलण्यात कधी हट्ट करत नसत. तो सगळा हट्ट त्यांच्या काजात असे. एक टाका तिरका गेला तर अख्खे काज उसवून पुन्हा भरत, आणि तेवढ्या वेळात कुणी हाक मारली तरी ओ देत नसत.

एरवी मात्र त्यांच्या तोंडी एकच शब्द, चालेल. घरातली डुगडुगती खुर्ची त्यांची. चहा शेवटचा आणि कोमट, तो त्यांचा. गिऱ्हाइकांनी शिवून घेऊन न नेलेले कपडे उसवून त्या स्वतःसाठी बेतत, कमी-जास्त असेल तिथे टीप मारत आणि घालत. सगळ्या गावाची मापे घेणाऱ्या मास्तरांनी आपल्या बायकोचे माप आजवर एकदाही घेतले नव्हते. वाईटपणा नव्हता हो त्यात. ते कधी त्यांच्या डोक्यातच आले नाही.

सायकलची हौस मुळात काकूंची. लहानपणी त्या वडिलांच्या उंच सायकलच्या नळीखालून पाय घालून सायकल शिकल्या होत्या. नदीच्या काठाकाठाने थेट तिच्या उगमापर्यंत सायकलने जायचे, ही त्यांची जुनी इच्छा. लेकीचे लग्न झाले, ती दूरच्या शहरात गेली, तेव्हा एका रात्री जेवताना त्यांनी ती सहज बोलून दाखवली. मास्तरांनी ती अशी काही उचलली की आठवडाभरात इच्छा त्यांचीच होऊन बसली. नकाशा त्यांनी आणला, निघायचा दिवस त्यांनी ठरवला, सामानाच्या पिशव्या त्यांनी स्वतः बेतल्या. त्या पिशव्यांची मापेसुद्धा त्यांनी दोनदा घेतली होती.

तर त्या संध्याकाळी दुकानातल्या फिटरने आधी मास्तरांना स्टँडवरच्या दुसऱ्या एका सायकलवर बसवले. सायकल जागच्या जागी धरून ठेवणारा हा स्टँड, म्हणजे त्यांच्याकडची ट्रायलच. फिटर कमी बोलणारा, दातांत कायम एखादी चावी धरलेला माणूस. पण मास्तरांनी विचारायला सुरुवात केली तसा तो खुलला. वजन बुडावर हवे, हातांवर नको, असे त्याने सांगितले. टेबलावर हात ठेवतो तसे हात हँडलवर ठेवता आले पाहिजेत. कोपर जरासे वाकलेले राहिले पाहिजे. ताठ झाले की रस्त्याचा प्रत्येक दणका सरळ तळव्यात जातो. हँडलला सायकलशी जोडणारी एक आखूड नळी असते, तिला स्टेम म्हणतात. ती बदलली की हँडल जवळ येते किंवा लांब जाते, वर येते किंवा खाली जाते. हँडलही खांद्यांच्या रुंदीचे हवे.

मास्तरांना हे सगळे आपल्याच धंद्यातले वाटले. ते असे खूश झाले की विचारू नका. उजवा खांदा ओढला जातोय, म्हणाले. फिटरने स्टेम बदलली. आता मान अवघडतेय, म्हणाले. त्याने हँडल वर घेतले. करता करता बाहेर दिवे लागले. काकू एका स्टुलावर बसून होत्या, मांडीवर मास्तरांचा कोट आणि पिशवी घेऊन.

मग त्यांची पाळी आली. दुकानाचा मालक एव्हाना घड्याळाकडे बघू लागला होता. दोघांची उंची सारखीच आहे, काकूंना ही हिरवी बसेल, असे तो म्हणाला. उंची सारखी म्हणून शर्ट सारखा, असे एखाद्या शिकाऊ कारागिराने म्हटले असते तर मास्तरांनी त्याला उभा-आडवा घेतला असता. पण ते आपल्या सायकलच्या नादात होते. त्यांनी मान डोलावली.

काकू माझ्यावर हात ठेवून बसल्या. हँडलला माणूस चेहऱ्यावरून कळत नाही, तळव्यांवरून कळतो. ते तळवे लहान होते, गरम होते, आणि बोटांच्या टोकांना सुईने टोचून टोचून घट्टे पडलेले होते. माझ्यापर्यंत पोचायला त्यांना पुढे वाकावे लागले. कोपरे ताठ झाली. खांदे कानांशी आले. अंगाचा अर्धा भार माझ्यावर आला, तळव्याच्या मुळाशी, करंगळीच्या बाजूला.

फिटरने ते पाहिले. चावी तोंडातून काढून तो म्हणाला, "काकू, तुम्हाला हे लांब पडतंय. आखूड स्टेम आणि जरा अरुंद हँडल लागेल. माझ्याकडे आत्ता नाही, मागवावं लागेल. थोडे दिवस थांबाल का?"

मास्तर वळले. निघायचा दिवस ठरला होता, दुकानावर पाटी लागली होती, गिऱ्हाइकांना सांगून झाले होते. ते काकूंना म्हणाले, "काय गं, जमेल ना?"

या प्रश्नात उत्तर आधीच शिवून ठेवले होते. काकूंनी मास्तरांकडे पाहिले, मालकाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"चालेल मला," त्या म्हणाल्या. "होईल सवय."

"परत आल्यावर या मग," फिटर म्हणाला. "बदलून देईन."

पहिले दोन-तीन दिवस फार सुखाचे गेले, हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळे रडगाणेच होते. काकू सायकल इतकी छान चालवत की मास्तरांची दमछाक होई. सकाळच्या उन्हात नदी डाव्या हाताला, रस्ता मोकळा. काकू गुणगुणत. उतारावर त्या ब्रेक सोडून देत आणि मागून मास्तर ओरडत. लेक फोनवर म्हणाली की आई, तुझा आवाजच बदललाय.

मग मुंग्या आल्या. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट. काकूंनी हात झटकला, बरे वाटले. दुसऱ्या दिवशी लवकर आल्या. तिसऱ्या दिवशी हात झटकून गेल्या नाहीत. त्या एक हात मांडीवर ठेवून चालवू लागल्या, मग दुसरा. माझ्या मधल्या भागाला धरून पाहिले, तो त्यांना जवळ पडे. पण तिथून ब्रेक लांब, आणि उतार आला की पुन्हा पुढे यावेच लागे. एका मुक्कामी त्यांनी मास्तरांचे जुने मोजे माझ्याभोवती गुंडाळून टाके घातले. माझ्यावर घातलेले ते टाकेसुद्धा एका रेषेत होते.

मी लोखंडासारखे कडक नाही, थोडी लवचीकता आहे माझ्यात. पण हँडल स्वतःहून बोटभरही जवळ येऊ शकत नाही. ज्या जागी बसवले तिथेच राहायचे, हा आमचा धर्म. ते लहान तळवे रोज माझ्यावर चेपले जाताना मला कळत होते आणि मी काही करू शकत नव्हते. याचे मला फार वाईट वाटे, आजही वाटते.

मास्तरांच्या लक्षात आले नाही असे नाही. "तू फार घट्ट धरतेस," ते म्हणत. "माझं बघ, नुसते हात ठेवलेत." त्यांचे खरेच होते. त्यांचे हँडल त्यांच्या मापाचे होते. त्यांनी काकूंना गादीचे हातमोजे घेऊन दिले, रात्री तेल चोळून दिले. प्रेमात कसर नव्हती.

वाटेत एक मोठे गाव लागले. तिथे बाजारात सायकलचे चांगले दुकान होते, दारात निरनिराळ्या स्टेम टांगलेल्या. मास्तरांच्या ब्रेकची तार ढिली झाली होती, ती त्यांनी आवळून घेतली. कारागीर फडक्याला हात पुसत होता. मास्तर सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाले, "तुझ्या सायकलचं काही करायचंय का?"

काकूंचा हात माझ्यावर होता. तो जरासा उचलला गेला. मला वाटले, आता बोलतील. त्या टांगलेल्या स्टेमकडे बघतही होत्या. पण मास्तरांचा एक पाय पॅडलवर होता, आणि पुढचा मुक्काम लांबचा होता.

"नको, चालेल," त्या म्हणाल्या. "आता कितीसं राहिलंय."

त्यानंतर त्यांनी हाताबद्दल तोंडातून अवाक्षर काढले नाही. मास्तरांना वाटले, बरे झाले, सवय झाली. मला मात्र कळले होते. जो तळवा आधी माझ्यावर चुळबुळत असे, जागा शोधत असे, तो आता नुसता पडून राहू लागला. दुखणे थांबले होते, कारण बोटांना काही लागतच नव्हते. उजवा ब्रेक दाबताना काकू खाली वाकून हाताकडे बघत, बोटे खरेच वळली का म्हणून.

आम्ही उगमाला पोचलो. उंचावर, वाऱ्यात, दगडांच्या बेचक्यातून पाण्याची बारीक धार येत होती. एवढ्याशा पाण्याची एवढी मोठी नदी होते, म्हणून मास्तर हसत होते. काकू त्या धारेकडे बघत होत्या. वारा झोंबत होता. त्यांनी पिशवीतून कोट काढला. तोही एका गिऱ्हाइकाने न नेलेलाच, पण त्याची काजे त्यांनी स्वतः भरलेली होती. त्या बटण लावू लागल्या. बटण काजापाशी जाई आणि निसटे. पुन्हा धरत, पुन्हा निसटे. अंगठा आणि बोट यांची चिमूट होत होती, पण तिच्यात जोर नव्हता.

मास्तरांनी जवळ येऊन एकेक बटण लावून दिले. "गारठलेत हात," ते म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या. "थंडीच आहे."

आम्ही बसने परतलो, सायकली टपावर बांधून. घरी आल्यावर दोन्ही सायकली दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवल्या. तिथून दार उघडे असले की मला दुकान दिसे. मास्तरांचे कापायचे टेबल दिसे, आणि खिडकीपाशी काकूंची बसायची जागा.

काकूंनी पहिल्याच दिवशी सुई हातात घेतली. काज भरताना अंगठा आणि पहिली दोन बोटे सुई धरतात, आणि शेवटची दोन बोटे कापड ताणून धरतात. तीच दोन बोटे गेली होती. कापड सरके, टाका तिरका जाई. काकू उसवत, भरत, पुन्हा उसवत. मास्तरांना ताकास तूर लागू दिली नाही. कोट उशिरा जाऊ लागले, तेव्हा डोळ्यांचे निमित्त सांगितले. नवा चष्माही करून घेतला, बिचाऱ्यांनी. मी मागून बघत होते. एखाद्याचे घर आतल्या आत खचत असावे आणि बाहेर रंगकाम चालू असावे, तसे ते दिवस होते.

एक पांढरा शर्ट होता. कॉलर झाली होती, काजे राहिली होती. काकूंनी तो करून टेबलावर ठेवला. मास्तरांनी उचलला आणि त्यांचा आवाज चढला.

"हे काय? रक्त कुणाचं लागलंय?"

शर्टाच्या पुढच्या पट्टीवर लाल ठिपके होते. काकूंनी शर्ट पाहिला, मग आपला हात वर करून पाहिला. करंगळीच्या बाजूला सुई घुसून मोडली होती. तिचा तुकडा मांसातच होता आणि रक्त मनगटापर्यंत ओघळले होते. त्यांना पत्ताच नव्हता. काकू त्या हाताकडे अशा बघत राहिल्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि कुणीतरी त्यांच्या मांडीवर ठेवून गेले आहे.

मास्तरांनी शर्ट खाली ठेवला. त्यांनी काकूंचा हात हातात घेतला, प्रत्येक बोट दाबले आणि विचारले, हे कळतंय? हे? काकू खिडकीबाहेर बघत होत्या आणि मान हलवत होत्या, नाही. अंगठ्याच्या मुळाशी जिथे मांस असते, तिथे खोलगट झाले होते. मास्तर माप घेणारा माणूस. पण एवढा खड्डा पडेपर्यंत त्यांना दिसला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी तपासून जे सांगितले ते मास्तरांनी लेकीला फोनवर सांगितले, म्हणून मलाही कळले. तळव्याच्या मुळाशी एक नस असते. ती दिवसेंदिवस दाबली गेली. मुंग्या येत होत्या तेव्हाच हँडल बदलले असते, निदान चार दिवस थांबले असते, तर बहुधा भरून आले असते. आता थोडे येईल, कदाचित नाही येणार.

लेकीने आईशी बोलायला मागितले. "आई, तू बोलली का नाहीस?" असे तिने विचारले असावे, कारण काकू म्हणाल्या, "अगं, बाबांनी विचारलं होतं की. दोनदा विचारलं."

त्यांनी मास्तरांना पाठीशी घातले. मास्तर टेबलापाशी पाठ करून उभे होते. त्यांच्या हातातला खडू मोडला.

व्यायाम झाले, औषधे झाली, हाताला पट्टा बांधून झाला. वाट पाहण्यात बरेच महिने गेले. बोटे आली नाहीत. बाहेरचे शिंपी कोट पाठवेनासे झाले. काजांचे यंत्र आले. ते खडखड करत क्षणात काज पाडते आणि काकू त्याच्याकडे कधी बघत नाहीत.

एक दिवस मास्तर हिरवी सायकल घेऊन फिटरकडे गेले. भांडायला निघाले असावेत, असे मला वाटले होते, कारण रस्ताभर ते मला आवळून धरून चालले होते. पण दुकानात शिरल्यावर सगळा जोर गेला. तिच्या मापाचे हँडल बसवून दे, एवढेच म्हणाले. सवड होईल तेव्हा ती पुन्हा चालवील.

फिटरने काय झाले ते ऐकले.  मग त्याने मला उतरवले, स्टेम सोडवली, आणि पेन्सिल घेऊन म्हणाला, "माप सांगा. काकूंचे खांदे किती? खांद्यापासून मुठीपर्यंत हात किती?"

मित्रांनो, मास्तरांना कित्येक वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकांच्या छातीची मापे तोंडपाठ असतात. रस्त्यात माणूस दिसला की याचा डावा खांदा खाली आहे, असे ते सांगतात. ते तिथे उभे राहिले, तोंड उघडले आणि मिटले. मग मला फडक्यात गुंडाळून घेऊन घरी आले.

त्यांनी मला कापायच्या टेबलावर ठेवले आणि गळ्यातली टेप काढली. "अगं, जरा इकडे ये. माप घ्यायचंय."

"कुणाचं?" काकू म्हणाल्या.

"तुझं."

काकू हसल्या. "आता?" एवढेच म्हणाल्या, आणि येऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी त्यांचे खांदे मोजले. दोनदा मोजले.  मग हाताची लांबी घ्यायची म्हणून ते मागे गेले आणि रोज गिऱ्हाइकांना सांगतात तसे सवयीने म्हणाले, "टोक धर." टेपचे टोक त्यांनी काकूंच्या उजव्या मुठीत, करंगळीच्या बाजूला दिले आणि टेप खांद्यापर्यंत ताणली.

टोक सुटून खाली पडले. मास्तरांनी वाकून उचलले, पुन्हा मुठीत दिले, बोटे मिटून दिली. पुन्हा पडले.

"अगं, धर की," ते म्हणाले.

काकू समोर भिंतीकडे बघत ताठ उभ्या होत्या, ट्रायलला उभे राहतात तशा. त्या म्हणाल्या, "धरलंय की मी."

टेप जमिनीवर पडली होती. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग ते गुडघ्यांवर बसले, टोक स्वतः उचलून त्यांच्या मुठीशी आपल्याच बोटांनी दाबून धरले, आणि तसेच बसून राहिले. खांद्याकडचे माप घ्यायला दुसरा हात पोचत नव्हता. त्यांचे रडणे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. काकूंनी खाली पाहिले, आणि डाव्या हाताने त्यांच्या डोक्यावर थोपटले.

नवे हँडल आले. अरुंद, जवळ, उंच, अगदी काकूंच्या मापाचे. सायकल मागच्या खोलीत उभी असते. काकू कधी दुपारी तिच्यावर बसतात, भिंतीला टेकून, जरा वेळ. कोपर वाकलेले असते, खांदे खाली असतात, सगळे जसे हवे तसे. बाहेर मात्र नेत नाहीत. ब्रेक दाबला गेला की नाही, ते हाताला कळत नाही.

मला फेकवेना म्हणून मास्तरांनी भिंतीवर ठोकले. इथून मला ट्रायलचा आरसा दिसतो. परवा एक मुलगी आली होती. नव्या कपड्यात तिला हात वर करता येत नव्हता, पण उशीर होतोय म्हणून "चालेल" म्हणाली. मास्तर काही बोलायच्या आत खिडकीपाशी बसलेल्या काकू उठल्या. "चालेल म्हणू नकोस," त्या म्हणाल्या. "कुठे आवळतंय ते सांग. आम्हाला वेळ आहे." मुलीने लाजत काखेकडे बोट दाखवले. मास्तरांनी ती बाही तिथेच उसवली.

मित्रांनो, तुम्ही कधी सायकल घ्यायला जाल. काचेतल्या रुबाबावर जाऊ नका. तिच्यावर बसा, हात ठेवा, कोपर वाकते का बघा, आणि हात लांब पडत असेल तर तिथेच सांगा, मग दुकानदार घड्याळाकडे बघो नाहीतर आणखी कुणी. आणि तुमच्याबरोबर कुणी मांडीवर तुमचा कोट घेऊन स्टुलावर बसले असेल, तर त्याची पाळी आली की दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहा आणि मग विचारा. टांग टाकता टाकता विचारू नका. दुखते तेव्हाच सांगायची वेळ असते. दुखायचे थांबले की सवय झाली, असे समजू नका.

मास्तर आता रोज रात्री दुकान बंद करताना काकूंचा उजवा हात हातात घेतात आणि विचारतात, "दुखतंय का?" अगदी थांबून, तोंडाकडे बघून विचारतात. काकू म्हणतात, "नाही."

आणि ते खरे असते. तिथे आता काहीच दुखत नाही.